एकशे सव्वीस फॉर्म

"अण्णा, आमचा कागद तेवढा परत द्या."

शमशादभाभी दारातच उभ्या होत्या. मार्चअखेरचं ऊन, दहा वाजायचे होते तरी अंगण तापलं होतं. डोक्यावरचा पदर त्यांनी कानांमागून इतका घट्ट ओढून घेतला होता, की केस गेलेत हे न सांगता कळत होतं. रिक्षा करून आल्या होत्या, आणि ती रिक्षा कोपऱ्यावरच थांबवून ठेवली होती. आमच्या दारापर्यंतचं तेवढं अंतर चालूनही त्यांना धाप लागली होती.

"आत तर या," मी म्हटलं.

"आत नको. ह्यांना मी आल्याचं सांगू नका. भाजी आणते म्हणून निघालेय." त्यांनी चौकटीला हात टेकला. "आज शेवटचा दिवस आहे म्हणे. पाचला खिडकी बंद."

"हो."

"मग द्या की. सही आहे, चेक लावलेला आहे. मी जाते आणि नेऊन देते. कुणाला कळायचं नाही."

"भाभी, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. एकाचा काढला की..."

"माझी तीन सलाइनं राहिलीत, अण्णा. सहा सांगितलीत, तीन झाली. नऊ तारखेला चौथं. दवाखान्यातली बाई म्हणाली, कार्ड चालू असेल तर या, नाहीतर आधी पैसे भरा. आम्ही कुठनं भरायचं?"

भाभी आल्या की माझ्या बायकोनं, इंदूनं, आधी चहाचं आधण ठेवायचं आणि मग बोलायला बाहेर यायचं, ही पंचवीस वर्षांची रीत. त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

"दुसरा फॉर्म आणला असता," भाभी म्हणाल्या, "पण त्याच्यावर हे सही करणार नाहीत. अण्णांनी सांगितल्याशिवाय नाही म्हणतात."

"संध्याकाळपर्यंत थांबा. हप्ता उतरणार. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर माझं ऐकत नाहीत ते," असं म्हणून त्या वळल्या. पायरी उतरताना मी हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि स्वतःला अजून पुढारी समजत होतो. विश्वनाथ खोचीकर, पाण्याच्या मंडळात एकतीस वर्षं कारकून, त्यातली चोवीस वर्षं युनियनचा सेक्रेटरी. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, देवदर्शनाला जातात. मी पेन्शनरांची संघटना काढली आणि तिथंही सेक्रेटरी झालो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

भाभींचा नवरा बाबालाल तांबोळी आमच्याकडे चावीवाला होता. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं, त्या व्हॉल्व्हच्या चाव्या फिरवणारा. एका नगरसेवकाच्या आळीला जादा पाणी सोडायला त्यानं नकार दिला, तेव्हा त्याला निलंबित केलं होतं. मी चार महिने भांडून त्याला परत कामावर घ्यायला लावलं. तेव्हापासून अण्णा म्हणतील ती पूर्व दिशा, असं त्याचं झालं होतं. मलाही ते आवडत होतं, कुणाला आवडणार नाही?

आता विम्याचं सांगतो. मंडळानं आम्हा निवृत्तांसाठी एका सरकारी कंपनीची सामूहिक पॉलिसी घेतलेली होती. अर्धा हप्ता मंडळ भरायचं, अर्धा आम्ही. त्या वर्षी मंडळानं आपला अर्धा काढून घेतला, आणि म्हातारे फार आजारी पडतात म्हणून कंपनीनं मूळ हप्ताच दुप्पट केला. आदल्या वर्षी नवरा-बायकोचे मिळून नऊ हजार भरलेल्या माणसानं या वर्षी छत्तीस भरायचे होते. बाबालालची पेन्शन महिन्याला अकरा हजार होती. शिवाय फॉर्मवर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, की मुदतीत न भरल्यास सभासदत्व संपेल आणि पुन्हा प्रवेश मिळणार नाही. बाहेरची कुठलीही कंपनी आमच्या वयाच्या माणसाला दारात उभं करत नव्हती. पेन्शन असल्यामुळे रेशनकार्ड पांढरं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतही आम्ही तेव्हा बसत नव्हतो.

आमच्यात एक जुनी रीत होती. संप ठरला की प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला सेक्रेटरीकडे जमा करायचा. बिल्ल्याशिवाय पंपहाऊसच्या फाटकातून आत सोडत नसत, त्यामुळे कुणाला मागच्या मागं कामावर जाऊन संप फोडता यायचा नाही. अठ्ठ्याऐंशीच्या संपात अकरा दिवस तीनशे बिल्ले आमच्या पिठाच्या डब्यात होते. अकराव्या दिवशी मोठे साहेब स्वतः बोलणी करायला आले, कारण शहराच्या नळांना पाणी नव्हतं. त्या विजयाची नशा माझ्या डोक्यातून कधी उतरलीच नाही.

वीस मार्चला वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा झाली, तेव्हा मी तेच हत्यार बाहेर काढलं. हप्ता कुणीही भरायचा नाही. फॉर्म लिहा, सही करा, चेक टाचा आणि माझ्याकडे जमा करा. एकशे सत्तावीस घरांचे पैसे अडकले की मंडळ आणि कंपनी दोघंही ताळ्यावर येतील. हप्ता उतरला की त्याच दिवशी सगळे मिळून भरू.

"आणि न्हाई उतरला तर?" मागून थोरातानं विचारलं. हा थोरात फिल्टर प्लांटवर होता, जन्माचा शंकेखोर.

खोलीत चुळबुळ सुरू झाली. सभा हातातून निसटायला लागली की कसं बोलायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी बाबालालकडे बोट केलं.

"त्याच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. थोरात, तुझ्या घरात कुणाला सर्दी तरी झालीय का? भ्यायचंच असेल तर सगळ्यांत आधी त्यानं भ्यावं. विचार त्याला."

बाबालाल उठला. पुढे आला आणि आपला फॉर्म माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सगळ्यांत पहिला. त्यानंतर कुणाला बोलायला तोंडच राहिलं नाही. एकेक करत सगळ्यांनी दिले, शेवटी मी माझा ठेवला. शेजारी बसून बाबालाल मोजत होता. एकशे सत्तावीस. त्यानंच ते माझ्या रेक्झिनच्या पिशवीत भरले.

तर त्या एकतीस तारखेला दुपारी चारला आम्ही दोघं मंडळाच्या कचेरीत गेलो. पिशवी बाबालालच्या खांद्यावर. सकाळी भाभी येऊन गेल्याचं त्याला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. वाटेत तो एवढंच म्हणाला, की कालपासून शमशाद जेवत नाही, पण ते औषधानं असेल.

पेन्शन विभागात पाटोळे नावाच्या बाई होत्या. चाळिशीच्या, कामाला चोख. त्यांचे वडील आमच्याबरोबर पंपावर होते, म्हणून मला त्या काका म्हणायच्या.

"काका, तुमच्या संघटनेचा एकही फॉर्म आला नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून थांबल्या. "म्हणजे, न आल्यासारखंच."

"येणारही नाही," मी घाईनं म्हटलं. "वर कळवलंत ना? काय म्हणतायत साहेब लोक?"

"काय म्हणणार? खूश आहेत."

"खूश?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, माझ्या वडिलांनी तुमच्या संपात बिल्ला दिला होता म्हणून सांगते. तेव्हा तुम्ही हात आखडला की शहराचं पाणी बंद पडायचं. आता तुम्ही पैसे नाही भरले तर कुणाचं काय बंद पडतं? कंपनीला तुम्ही नकोच आहात. कुणाला शुगर, कुणाला हार्ट. हप्ता वाढवला तो तुम्ही आपणहून गळावं म्हणूनच, असं मला तरी वाटतं. आणि तुम्ही तर सगळे एकदम गळताय. कालच त्यांचा माणूस येऊन विचारून गेला, नक्की कुणी भरत नाहीत ना."

चोवीस वर्षं संप केले, पण संप करायला आधी हातात काम असावं लागतं, ही साधी गोष्ट मला एका पोरीनं खिडकीतून सांगावी लागली.

"अण्णा," बाबालालनं माझी बाही ओढली, "ह्या काय म्हणाल्यात?"

"अजून वेळ आहे," पाटोळेबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "साडेचार होतायत. पिशवी द्या इकडं. नोंदी मी उद्या-परवा बसून करीन, पण आवकचा शिक्का आजचाच मारते सगळ्यांवर. यादीशी ताडून घेते, म्हणजे झालं."

त्यांनी खणातून यादी काढून टेबलावर पसरली. बाबालालनं खांद्यावरची पिशवी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. चेन उघडायला लागला. मी पिशवीवर हात ठेवला.

"थांब. फणसेसाहेबांना विचारतो."

फणसे आमच्या राज्य संघटनेचे अध्यक्ष, मुंबईला असत. फोन लगेच लागला. "खोचीकर, मागं फिरू नका," ते ओरडूनच बोलायचे. "मुदत वाढतेय. वरची आतली बातमी आहे. बाकी सगळे जिल्हे ठाम आहेत. तुम्हीच फुटलात तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मी फोन ठेवला. "मुदत वाढतेय," मी म्हटलं.

"परिपत्रक आल्याशिवाय मुदत वाढत नसते, काका. आलेलं नाही."

"येईल."

बाबालालनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी उलट प्रश्न केला नव्हता. "अण्णा, देऊया का? शमशादचं नऊ तारखेला हाय."

"माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?"

"हाय की."

"मग घे पिशवी."

त्यानं चेन लावली आणि पिशवी परत खांद्याला अडकवली. आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. कचेरीत कुणाचा फोन वाजला की बाबालाल मान वळवून दाराकडे बघायचा. एकदा शिपाई कागद घेऊन लगबगीनं आत गेला, तर तो उठून उभा राहिला. तो कागद कुणाच्या तरी रजेचा होता. शेजारी बसून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. पंचाहत्तर किलोचा माणूस, पण त्या बाकावर अगदी कडेला, अंग चोरून बसला होता.

पाचला दहा कमी असताना पाटोळेबाई स्वतः बाहेर आल्या.

"काका, दहा मिनिटं आहेत. बाकीचं जाऊ द्या. ह्यांचा एकट्यांचा तरी द्या."

मी तोंड उघडायच्या आत बाबालालच बोलला.

"एकट्याचा कसा देऊ, मॅडम? बिल्ला जमा केलाय मी."

हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं, अठ्ठ्याऐंशीत, फाटकासमोर उभं राहून. त्या बाकावर मी नुसतं "दे बाबा" म्हटलं असतं, तर त्यानं दिला असता. दोन शब्द होते. पाटोळेबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या. पाच वाजता शिपायानं खिडकीची झडप आतून लावली.

परिपत्रक आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फणसेसाहेबांचा फोन आधी लागेना, मग लागला तेव्हा ते म्हणाले, आता कोर्टात जाऊ.

दोन एप्रिलला सकाळी वाचनालयात फॉर्म परत करायचे ठरवलं. कुणाकुणाचे चेक त्यात होते, ते ठेवून घेण्यात अर्थ नव्हता. खोली भरली होती, जिन्यातही माणसं उभी होती. मला वाटलं होतं, शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण म्हातारी माणसं हरली की गप्प होतात. थोरातसुद्धा खाली बघत होता. माझा घसा बसला होता, म्हणून नावं बाबालालनं वाचली. संपानंतर बिल्ले परत करायचो तसं, एकेकाचं नाव घेऊन, हातात देऊन. कुणी घडी करून खिशात ठेवला, कुणी तिथंच फाडला. वारलेल्या लाइनमनची बायको, गंगुबाई शेवाळे, तिनं आपला फॉर्म उलटा धरून विचारलं, "आता हे कुठं दाखवायचं?" बाबालालनं पुढचं नाव वाचलं.

शेवटचं नाव झालं. बाबालालनं पिशवीत हात घातला, कोपरे चाचपले, मग पिशवी उलटी करून झटकली.

"अण्णा, तुमचा?"

"घरी राहिला," मी म्हटलं.

कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. कोर्टाचं बोलत बोलत माणसं जिना उतरून गेली. आम्ही दोघंच उरलो. बाबालाल पिशवीची घडी घालत होता, पुन्हा उलगडत होता.

"एकशे सव्वीस झाले," तो म्हणाला. "सभेत मी एकशे सत्तावीस मोजलेवते. तुमचा सगळ्यांत वर ठिवलावता."

मग मी सांगितलं. इंदूच्या हृदयात दोन स्टेंट होते. सभा झाल्याचं कळलं त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, दोन दिवस जेवलीही नाही. तुमचं पुढारपण तुमच्यापाशी ठेवा, माझं नाव कापायचं नाही, म्हणाली. मी अठ्ठावीस तारखेला पिशवीतून माझा फॉर्म काढला आणि दुपारच्या सुट्टीत, आपलं कुणी नसताना, पाटोळेबाईंकडे भरून आलो. मुदत वाढेल असंच मला वाटत होतं, शपथेवर सांगतो. आपला एकट्याचा आधी गेला तर काय बिघडलं, असं मी मनाशी म्हटलं होतं.

तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता हात उगारेल. उगारावा, असं वाटत होतं.

"वहिनीचं बरोबर हाय," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "मला का न्हाई सांगितलं, अण्णा?"

"काय सांगायचं होतं?"

"हेच की. मी कुणाला बोललो नसतो. मी पण गुपचूप भरला असता की. शमशादनं बांगड्या मोडून पैसे ठिवलेवते खात्यात. सभेत न्हवतं सांगायचं. रस्त्यात, कुठंबी. त्या दिवशी त्या बाकावर आपण बसलोवतो, तिथं नुसता डोळा मारला असता तरी कळलं असतं मला."

एवढं बोलून तो थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याला पुसायचंही सुचत नव्हतं. बाबालालच्या घरचं दुखणं दाखवून मी सगळी सभा गप्प केली होती. त्यालाच फोडला असता तर मागं काय उरलं असतं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला.

त्यानं विचारलेला प्रश्न तसा सोपा होता. अवघड प्रश्न त्याला तेव्हा सुचला नाही: पाटोळेबाईंनी पिशवी मागितली, तेव्हा मी दिली का नाही? लोकांना मी फणसेसाहेबांचा फोन सांगितला. काही दिवस स्वतःलाही तोच सांगितला. पण बाईंनी टेबलावर पसरलेली यादी मी पाहिली होती. एकशे सत्तावीस नावं, आणि एकाच नावापुढे लाल शाईची खूण. ते नाव माझं होतं. बाबालाल माझ्या शेजारी उभा होता. पिशवी उघडली असती, बाईंनी एकेक फॉर्म यादीशी ताडला असता, तर ती खूण त्याला दिसली असती. ती दिसू नये म्हणून मी पिशवीवर हात ठेवला. तत्त्व नव्हतं, संघटना नव्हती, काही नव्हतं. लाज वाटली मला. त्या लाजेपायी मी एकशे सव्वीस घरांचा आजारपणातला आधार काढून घेतला, आणि त्यातल्या एका घरात नऊ तारखेला सलाइन होतं.

चौथं सलाइन त्या बांगड्यांच्या पैशात झालं. पाचव्यासाठी बाबालालनं गावाकडचा चार गुंठ्यांचा तुकडा विकला. सहावं झालं नाही. झालं असतं तर भाभी वाचल्या असत्या का, ते डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. हे वाक्य मी मनाशी खूप वेळा म्हणून पाहिलं आहे, त्यानं काही होत नाही.

बाबालालनं कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. मी आणखी तीन वर्षं सेक्रेटरी राहिलो. पंचाहत्तरी झाली तेव्हा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला त्यांनी माझा, थोरातानंच हार घातला. इंदूची बायपास झाली, कंपनीनं पै न् पै दिली. फॉर्म भरला त्या दिवसाचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

फॉर्म परत केले त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, पाटोळेबाईंचा मला फोन आला होता. बाबालाल कसल्याशा दाखल्यासाठी कचेरीत आला होता, म्हणाल्या. "त्यांनी मार्चची यादी बघायला मागितली. मी दाखवली, काका. त्यांनी बघितली, तुमच्या नावापुढच्या लाल खुणेवर बोट ठेवलं, आणि परत दिली. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून फोन केला." एवढं म्हणून त्यांनी ठेवला.

डिसेंबरमध्ये भाभी गेल्या. मला थोरातानं कळवलं. मी कब्रस्तानात पोचलो तेव्हा मयत खाली उतरवून झाली होती. आमचे सगळे जुने लोक आले होते, चावीवाले, पंपवाले, डोक्याला रुमाल बांधून एका बाजूला उभे. आधी घरच्यांनी माती दिली, मग नातेवाइकांनी, मग आम्हाला पुढे यायची खूण झाली. तीन मुठी द्यायच्या असतात. थोरातानं दिल्या, त्याच्यामागे मी होतो.

मी वाकलो, मूठ भरली. बाबालाल कबरीच्या त्या अंगाला उभा होता. तो वळसा घालून माझ्याजवळ आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचा तोल जातोय म्हणून सावरतोय.

"तुम्ही नको, अण्णा," तो म्हणाला.

माझ्या कानापलीकडे ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी माती खाली ठेवली, बाजूला झालो आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.